गाववाली

कुरुळीत आम्ही राहायला आलो त्याच दिवशी माझ्या सासूबाईंची एका शब्दाने फसगत झाली. टेम्पोतून सामान उतरत होतं. खोल्यांच्या मालकीणबाई अंगणात उभ्या राहून कुठं काय ठेवायचं ते सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, "आमी गाववाले हाय. काय अडलंनडलं तं हाक मारायची." सासूबाईंच्या कमरेवर घागर होती. ती त्यांनी तिथंच खाली ठेवली, मालकीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि भरल्या डोळ्यांनी विचारलं, "गाववाल्या? आगं माय! कोन्या घरच्या?"

मालकीणबाई गोंधळल्या. "कोन्या म्हंजी? ह्याच घरच्या," त्या म्हणाल्या.

आमच्या बीडकडं 'माझा गाववाला' म्हणजे माझ्या गावचा माणूस. परमुलखात तो भेटला की चहा पाजल्याशिवाय त्याला सोडायचं नसतं. आणि चाकणच्या या पट्ट्यात 'गाववाले' म्हणजे इथले मूळचे रहिवासी, ज्यांच्या जमिनींवर कंपन्या उभ्या राहिल्या ते. बाकीचे आम्ही सगळे बाहेरचे, नाहीतर नुसतेच 'खोल्यांमधले'. सासूबाईंना वाटलं, आपल्या गावची लेक इथं दिलेली आहे. माझ्या नवऱ्याने मधे पडून उलगडा केला तेव्हा त्यांनी हात सोडले, पण तोंड एवढंसं केलं. मालकीणबाईंनाच वाईट वाटलं असावं. संध्याकाळी त्या पिठलं-भाकरीचं ताट झाकून घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच बसून राहिल्या.

त्यांना मी काकी म्हणायला लागले. सासूबाईंना आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मी आत्या म्हणते. दोघी साधारण एका वयाच्या, दोघींचे नवरे गेलेले, दोघीही हट्टी. माझा नवरा कंपनीत, मी वायर हार्नेसच्या लाइनवर, म्हणजे गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम. आमच्या शिफ्टा बदलत राहायच्या, पण दुपारी कधीही घरी आलं तरी अंगणात या दोघी दिसायच्या. एकीच्या पुढ्यात मेथीची जुडी, दुसरीच्या पुढ्यात लसणाचं सूप, आणि मधे भांडण. काकी 'माझं'ला 'मपलं' म्हणायच्या, आत्या 'मव्हं' म्हणायच्या. नळ मपला की मव्हा, दोरी मपली की मव्ही, असं चालायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, सरळ 'आपलं' म्हणा की." दोघींनी एकदमच माझ्याकडं पाहिलं आणि काकी म्हणाल्या, "तू हापिसातून आली ना? हातपाय धू." आत्यांना काकी नावाने कधी हाक मारत नसत. 'ए बीडवाले' हीच हाक. सुरुवातीला आत्यांना ती झोंबायची. पुढं काकी दोन दिवस भाचीच्या लग्नाला गेल्या आणि ती हाक आली नाही, तर आत्यांना जेवण गोड लागेना.

आज मी मोशीतल्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर राहते. पाणी नळाला येतं, लिफ्ट चालते, आणि शेजारच्या दाराआड कोण राहतं ते मला माहीत नाही. खाली प्रचाराची रिक्षा फिरायला लागली की मला ते अंगण आठवतं. निवडणूक म्हटलं की लोकांना पुढारी आठवतात, मला या दोन म्हाताऱ्या आठवतात.

खोल्यांमधल्यांची निवडणूक वेगळी असायची. आमची कुणाचीच नावं इथल्या यादीत नव्हती. सगळ्यांची मतं गावाकडं. मतदानाच्या आदल्या दिवशी गावाकडून गाडी यायची. कुणी पाठवली हे विचारायचं नसतं, हे लहान पोरालाही कळायचं. हायवेच्या कडेला गाडी उभी राहिली की भोसरीपासून चाकणपर्यंतची आमच्याकडची माणसं गोळा व्हायची, आणि नगर मागे पडेपर्यंत गाडीत लग्नाच्या वऱ्हाडासारखा कालवा चालायचा. कुणी दशम्या काढायचं, कुणी शेंगदाण्याची चटणी. ज्याचं वर्षभर तोंड पाहिलं नाही असा माणूस शेजारी येऊन बसायचा आणि चौकशा सुरू व्हायच्या. बायकांच्या अंगावर दिवाळीच्या साड्या असायच्या. मला स्वतःला त्या गाडीचा लोभ होता, कारण घाट ओलांडला की आत्या सासू राहत नसत. खिडकीशी बसून त्या कुठल्या ओढ्यात पोहल्या आणि कुठल्या शेतात साप निघाला ते सांगत राहायच्या.

आत्यांसाठी ती गाडी म्हणजे गावाला जायची एकुलती एक खात्रीची वाट होती. तिकडचं घर पडलं होतं, भावकीत जाणं-येणं उरलं नव्हतं. लग्नकार्याला बोलावणारेही कमी होत गेले. नवऱ्याला सुट्टी मिळायची नाही आणि मिळाली तर झोप काढावीशी वाटायची. "मत म्हंजी हजरी," आत्या म्हणायच्या. लेकाच्या कंपनीतला हा शब्द त्यांनी उचलला होता. "हजरी लावली न्हाई तं गाव ईसरतंय." देवीच्या दिव्याला तेल घालायचं, शाळेत रांगेत उभं राहायचं, बटण दाबायचं आणि पारावर बसून कोण गेलं, कोण उरलं ते ऐकायचं. मी एकदा विचारलं, "गाडी ज्याची, मत त्यालाच का हो?" तर फणकाऱ्याने म्हणाल्या, "गाडी त्याची आसंल. बटन मव्हं हाये."

परत आल्या की पहिलं काम ठरलेलं. अंगणात जाऊन काकींपुढं शाईचं बोट धरायचं. काकींनी इथं मत दिलेलं असायचं, त्यांचंही बोट पुढं यायचं. दोन बोटं शेजारी शेजारी ठेवून, कुणाची शाई जास्त काळी यावर वाद व्हायचा. काकी हरल्या की म्हणायच्या, "तुपल्याकडं पान्याची बोंब, पर शाई मातूर लय!" आणि मग थोडं गंभीर होऊन, "पानी हितलं पितीस, ऱ्हातीस हितं, आन मत तिकडं. हे काय बरं न्हाई, बीडवाले." आत्या हसण्यावारी न्यायच्या.

मग ती निवडणूक आली. कुरुळीकडचे जुने आमदार थकले होते, त्यांनी यंदा उभं राहणार नाही असं सांगून टाकलं. इतकी वर्षं एकच माणूस त्या खुर्चीवर, आणि आता ती अचानक मोकळी. ज्याला त्याला ती आपल्याच मापाची वाटायला लागली. चौकात एवढे भावी आमदार झळकले की वाहतुकीचा सिग्नल दिसेना. वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये भावी, दहीहंडीच्या कमानीवर भावी, एकाने तर दशक्रियेच्या फलकावरही आपला फोटो भावी आमदार म्हणून लावला होता. काकी तो वाचून म्हणाल्या, "मेला तो मागंच ऱ्हायला, हाच पुढं दिसतोय."

यातलाच एक भावी दोन गाड्या घेऊन काकींच्या ओट्यावर आला. काकी ग्रामपंचायतीत एकदा मेंबर होत्या, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. चहा झाला. तो म्हणाला, "काकी, तुमच्या खोल्यांची मतं तेवढी आमच्याकडं वळवा." कारण आता हवा बदलली होती. खोल्यांमधल्या पोरापोरींनी नावं इथं नोंदवायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी आम्ही नवराबायकोंनीही आमची नावं इथं आणली. आत्यांनी मात्र सपशेल नकार दिला होता. नाव गावातून काढलं की मग कशाला जायचं, हा त्यांचा सवाल होता. काकींचा समज मात्र असा झाला की आमच्याबरोबर आत्यांचंही नाव इथं आलं. तो आम्ही कुणी दूर केला नाही, कारण तो आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

तर काकी त्या भावीला म्हणाल्या, "खोल्यांना मतं असत्यात व्हय? मान्सांना असत्यात. ह्या बाया टँकरमागं पळत्यात, पावसाळ्यात चिखलातनं कंपनीच्या बशीला जात्यात, त्यांच्याशी बोल की." तो हसला. "मग तुम्हीच उभ्या राहा, काकी," म्हणाला, आणि बरोबरची पोरंही हसली. त्याला वाटलं त्याने विनोद केला. काकी हसल्या नाहीत. कपबशा उचलून आत गेल्या, आणि अर्ज भरायच्या वेळी त्यांनी खरोखरच अपक्ष म्हणून अर्ज भरला.

घरात रणकंदन झालं. थोरला मुलगा बोलेना. भावकी तर सगळी त्या भावीच्या बाजूची, त्यांना हा घरातूनच झालेला घात वाटला. चिन्ह मिळालं इस्त्री. काकी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आख्ख्या जल्मात लुगड्याला इस्तरी फिरवली न्हाई मी, आन आता हीच मपल्या नशिबी!" आत्यांनी मात्र हरखून सांगितलं, "बरं झालं की. बाईमानसाला बाईचीच खूण." त्यांच्या तोंडात स्त्री आणि इस्त्री हे दोन्ही शब्द एकच होते. प्रचाराची घोषणा त्यातूनच निघाली, "इस्तरीला मत, इस्तरीलाच मत," आणि खोल्यांमधल्या बायका ती कपडे धुताना म्हणायला लागल्या.

प्रचार म्हणजे काकी, आत्या आणि गुरुवारच्या सुट्टीला मी. आम्ही खोल्यांच्या रांगांमधून फिरायचो. कुठं लातूरचं कुटुंब, कुठं वाशीमचं, कुठं रत्नागिरीकडचं. काकी दारात उभ्या राहिल्या की लोक आदराने बोलायचे, पण आखडूनच. मालकीण ती मालकीण. तेव्हा आत्या पुढं व्हायच्या. पहिल्यांदा त्यांनी सरळपणे सांगितलं, "ह्या गाववाल्या हायेत." लातूरची एक बाई चटकन उठली. "गाववाल्या? तुमच्या गावच्या का ओ मावशी? आगं बाई, या की आत!" चहा ठेवला गेला, पोराला पाया पडायला लावलं. काकींना काही कळलं नाही. मला कळलं. आत्यांनाही कळलं, कारण पुढच्या दारात वाक्य थोडंसं बदललं. "ह्या मव्ह्या गाववाल्या हायेत."

घरी आल्यावर मी त्यांना धरलं. "आत्या, लोक तुमच्या बोलण्याचा भलताच अर्थ लावताहेत."

"म्या खोटं काय बोल्ले?" त्यांनी डोळे मोठे केले. "हितं समदे तिला गाववालीच म्हन्त्यात ना? आन मव्ही बी हायेच ती."

मला हसू आवरेना. त्या आठवड्यात आत्यांनी हे वाक्य किती दारांत सांगितलं कोण जाणे. काकींचं माहेर बीडचं असल्याची बातमी कुरुळीतून पार चाकणच्या खोल्यांपर्यंत गेली. लोक त्यांना आपुलकीने विचारायला लागले, "तिकडं पाऊस कसाय औंदा?" आणि काकी भाबडेपणाने आपल्या माहेरच्या, मावळातल्या पावसाचं सांगायच्या.

व्हायचं ते झालंच. बातमी गावातल्या माणसांच्या कानावर गेली. भावकीतल्या पोरांना तेवढंच पाहिजे होतं. मोबाइलवर मेसेज फिरला की उमेदवार बाहेरची आहे, गाववाल्यांनी विचार करावा. प्रचार संपायच्या आधी चौकात काकींची एकुलती एक सभा होती. पुढच्या बाजूला खुर्च्यांवर गाववाले, मागे उभे खोल्यांमधले. काकी बोलायला उठणार तेवढ्यात पुढचा एक टोपीवाला म्हणाला, "वहिनी, एक सांगा. तुमी बीडच्या हाय म्हनं? ह्या म्हातारीनं घरोघरी जाऊन सांगितलंय."

पुढच्या खुर्च्या हसल्या. माझ्या शेजारी आत्या होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. काकी 'न्हाई' म्हणाल्या असत्या तर खोल्यांमधल्यांना वाटलं असतं की आपल्याला फसवलं, आणि फसवणारी म्हणून बोट आत्यांकडं गेलं असतं. आणि 'व्हय' म्हटलं तर पुढच्या खुर्च्या गेल्या. आपल्या जिभेनं मैत्रिणीचं वाटोळं केलं, हे आत्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांना पदराखाली घ्यावंसं वाटत होतं.

काकींनी त्या माणसाकडं पाहिलं, मग आत्यांकडं पाहिलं. मग माईक असूनही ओरडूनच म्हणाल्या,

"मपलं माहेर मावळात. बीड म्या अजून डोळ्यांनी बघितलं न्हाई. पर भाऊजी, तुमी बाहेरच्याचं बोलताय म्हून इचारते, तुमची आई कुठली? बायको कुठली? सून कुठली? ह्या गावात एक बी बाई गाववाली न्हाई. समद्या बाहेरनं आलोय. आमी नवऱ्यामागं आलो, ही लेकामागं आली, एवढाच फरक. म्या आले तवा चार वर्सं मला 'मावळवाली'च म्हनत व्हते हितं, तुमी बी म्हनत व्हता. आन ह्या बीडवालीनं मला गाववाली म्हनलं ना? मग हाय मी तिची गाववाली. ज्याला मत द्यायचं त्यानं द्या, न्हाई त्यानं नगा देऊ."

आणि त्या खाली बसल्या. एवढंच भाषण. इस्त्रीचं नावही त्यांनी घेतलं नाही. टाळ्या मागून आल्या, आणि मागून येणाऱ्या टाळ्यांत बायकाच जास्त होत्या. मी इतकी वर्षं त्या गावात राहत होते, लग्न करून दुसऱ्याच्या गावात नांदले होते, आणि ही एवढी उघड गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी हायवेला गाडी येऊन उभी राहिली. आत्यांची पिशवी कधीपासून खुंटीला भरून टांगलेली होती. तीत नवं लुगडं, देवीच्या तेलाची बाटली आणि नारळ होता. मी सोडायला गेले. गाडी अर्धीच भरली होती, तरुण कुणी नव्हतं, सगळी पिकली पानं. गावचाच एक जण खिडकीतून हाका मारत होता, "आज्जे, तुझी खिडकी धरून ठेवलीय!" आत्या खिडकीशी गेल्या. पिशवीतून नारळ आणि तेलाची बाटली काढून त्याच्या हातात दिली. "देवीला वाहा. मव्हं नाव सांग," म्हणाल्या आणि मागे सरकल्या.

"आत्या, चढा की," मी म्हटलं.

"न्हाई. गुडघं दुखाल्यात."

त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. गाडी निघून गेली आणि मी रस्त्यातच चिडले. "पाच वर्षं वाट पाहिलीत! त्या पारासाठी जीव टाकता, आणि आता? इथं तुमचं मतही नाही!"

"मव्हं एक बटन तिकडं," त्या चालता चालता म्हणाल्या. "हितं मव्ह्या सबदाची किती बटनं हायेत, ते तुला म्हाईत हाये. आन उद्या टेबलापाशी तिच्यासंगं कोन बसंल? तिची भावकी तं सारी पल्याड." थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "पार कुठं पळून जातोय?" मी त्यांच्या हातातली हलकी झालेली पिशवी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी केंद्रापासून लांब, नियमात बसेल तिथं, काकींचं टेबल लागलं. टेबल म्हणजे आमच्याच खोलीतला लाकडी बाक आणि वर छत्री. आत्या सकाळपासून तिथं. पहिल्या पाळीला जायच्या आधी बायका येत, आत्यांना पाहून हसत, पुढं जात. आत्या फक्त पाणी विचारायच्या. दुपारी काकी मत देऊन आल्या आणि आल्या आल्या सवयीनं बोट पुढं केलं. "दाव, बीडवाले. बघू कुनाचं काळं."

आत्यांनी हात पदराखाली घेतला.

"दाव की!"

"काय दावू? कोरं हाये."

काकींना आधी उमगलंच नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की आत्यांचं नाव गावाकडंच आहे आणि गाडी काल गेली. काकी मटकन शेजारी बसल्या. मग भडकल्या. "तुला कुनी सांगितलं व्हतं ऱ्हायला? आँ? म्या बोलावलं व्हतं? मपल्या डोस्क्याला हा घोर कशापायी लावलास?" असं म्हणत म्हणत त्यांनी आत्यांचा तो कोरा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि रडायला लागल्या. आत्या म्हणाल्या, "गप गं, लोक बघाल्यात. उमेदवारानं रडू न्हाई." तेव्हा आम्ही तिघी एकदमच हसलो. येणारेजाणारे बघत राहिले.

थोडं सावरल्यावर काकी म्हणाल्या, "पुढच्या येळंला म्या सोता नेते तुला गावाला. मतदान असू न्हाईतं नसू."

काकी पडल्या. चांगल्या सणकून पडल्या. मोठमोठ्या नावांच्या खाली कुठंतरी त्यांचं नाव होतं. पण ज्या केंद्रावर खोल्यांमधल्यांची मतं होती, तिथं इस्त्री सगळ्यांच्या पुढं होती. ते कळल्यावर काकी एवढंच म्हणाल्या, "खोल्यांना मतं असत्यात म्हंजी." भावकीनं पुढं बरेच महिने त्यांच्याशी अबोला धरला. दुपारी अंगणात मेथी निवडणं मात्र चालू राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. जायच्या आधी त्यांनी काही मागितलं नाही, नदीचंही बोलल्या नाहीत. अस्थी गावाकडच्या नदीत सोडायच्या हे आम्हीच ठरवलं. गाडी निघायच्या वेळी काकी नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या. नवरा म्हणाला, "काकी, एवढ्या लांब, उन्हाचं कशाला?" काकी सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. अस्थींचं मडकं त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि पूर्ण वाटेत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

गाव दिसलं तसं त्या म्हणाल्या, "हेच व्हय? एवढ्यासाठी भांडायची मपल्याशी?" आणि मग खिडकीला कपाळ टेकवून बघत राहिल्या. शाळा दिसली, पार दिसला. मी बोट करून दाखवत होते आणि त्या मान हलवत होत्या. मला त्या दिवशी आत्यांची जेवढी आठवण आली तेवढी त्या गेल्या त्या दिवशीही आली नव्हती.

नदीवरून आल्यावर देवळाच्या पारापाशी सतरंजी टाकून गावातल्या म्हाताऱ्या आमच्याजवळ येऊन बसल्या. कुणी आत्यांच्या पोहण्याचं काढलं, कुणी त्यांच्या तोंडाळपणाचं. काकी जरा बाजूला, पारालाच टेकून उभ्या होत्या. त्यांच्या लुगड्याची नेसण वेगळी, अंग मोठं, चेहरा अनोळखी. एका म्हातारीनं कपाळावर हात धरून त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या कोन पाव्हन्या?"

मी तोंड उघडणार होते. मालकीणबाई, शेजारीण, मैत्रीण, सगळे शब्द एकदम आले आणि एकही पुरेना.

काकीच म्हणाल्या, "मी व्हय? मी गाववाली हाय तिची."

म्हातारीचा चेहरा उजळला. "गाववाल्या? आगं माय! कोन्या घरच्या?"

काकींनी पाराकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं.

"तिच्याच घरच्या," त्या म्हणाल्या.

बाया सरकल्या आणि त्यांनी सतरंजीवर काकींना जागा करून दिली.